कमी खर्चाच्या भयपटाचे बळ आणि उणिवा : ‘हॅलोवीन’च्या अभ्यासाच्या नोंदी

३ मार्च २०२५

दीर्घ लेखासाठी जॉन कार्पेंटर यांचा ‘हॅलोवीन’ (१९७८) हा एकच चित्रपट घ्यायचे नक्की केले. स्लॅशर, म्हणजे एकामागून एक खून करणाऱ्या मारेकऱ्याच्या भयपटांच्या, प्रकारातले अनेक चित्रपट एकत्र घेऊन त्यांच्या गुणदोषांची यादी करण्यापेक्षा एकाच चित्रपटाची दृश्ये पुन्हा पुन्हा पाहून प्रत्येक गुण आणि प्रत्येक दोष नेमका कुठून आला हे शोधणे अधिक उपयोगाचे ठरेल, असे वाटते. चित्रपट निवडण्याचे कारण उघड आहे. सुमारे तीन लाख डॉलर खर्चात आणि साधारण तीन आठवड्यांच्या चित्रीकरणात तो तयार झाला, जगभरात त्याने सुमारे सात कोटी डॉलर मिळवले आणि पुढच्या दशकातल्या असंख्य निर्मात्यांना एक साचा दिला. त्याच्याविषयी लिहिताना कमी खर्चाचे कौतुक फार होते, आणि त्या कौतुकात त्याच्या खऱ्या उणिवाही ‘बिचाऱ्यांकडे पैसे नव्हते’ या एका वाक्याखाली झाकल्या जातात. मला ही सवलत द्यायची नाही. प्रत्येक उणिवेला एकच प्रश्न विचारायचा : हातात दुप्पट पैसे असते तर ही उणीव गेली असती का? उत्तर ‘हो’ आले तर ती खर्चाची उणीव, ‘नाही’ आले तर ती लेखनाची किंवा दिग्दर्शनाची.

७ मार्च २०२५

आज केवळ सुरुवातीचे दृश्य पाहिले. १९६३ सालच्या हॅलोवीनच्या रात्री कोणीतरी एका घराबाहेर उभे राहून खिडकीतून आत पाहत आहे, मागल्या दाराने स्वयंपाकघरात येते, खणातून सुरा काढते, जिना चढते, वाटेत पडलेला विदूषकाचा मुखवटा चढवते, वरच्या खोलीतल्या तरुणीला भोसकते आणि पुन्हा खाली येऊन रस्त्यावर उभे राहते. हे सगळे आपण त्याच्याच डोळ्यांनी पाहतो. मग बाप मुखवटा ओढून काढतो आणि समोर सहा वर्षांचा मुलगा उभा असतो. सुमारे चार मिनिटांचे हे दृश्य एकसंध वाटते. मुखवटा चढवताना पडद्यावर येणाऱ्या काळोखात एक जोड लपवलेला आहे, तो माहीत असूनही जाणवत नाही.

हे शक्य झाले ते छायाचित्रकार डीन कंडी यांनी वापरलेल्या पॅनाग्लाइड या यंत्रणेमुळे, जिच्यात कॅमेरा चालकाच्या अंगावर बांधलेला असतो आणि चालण्याचे हिसके शोषले जातात. रुळांवरून सरकणाऱ्या कॅमेऱ्याला दारातून आत शिरून लगेच जिना चढणे जमले नसते. मात्र पॅनाग्लाइडची हालचाल अगदी गुळगुळीतही नसते. तिच्यात एक हलकासा तरंग राहतो आणि चालणारा माणूस जिवंत आहे, विचार करतो आहे, थांबतो आहे, हे त्या तरंगातून कळते. खुनी कसा दिसतो हे आपल्याला माहीत नसले तरी तो किती सावकाश चालतो हे आपल्या अंगाला कळलेले असते, आणि पुढे हाच मुलगा, मायकल मायर्स, मोठा होऊन पंधरा वर्षांनी मनोरुग्णालयातून पळून जेव्हा तसाच सावकाश चालत येतो तेव्हा ती चाल आपण ओळखतो. इतकी मोठी तयारी एका दृश्यात केलेली आहे.

निर्मितीच्या अंगाने पाहता हे दृश्य वेळापत्रकाच्या अखेरीस घेतले गेले, कारण मायर्स कुटुंबाचे तेच घर उरलेल्या चित्रपटात पंधरा वर्षे ओसाड पडलेले दाखवायचे होते. आधी पडके घर वापरून घेतले आणि मग चमूने ते रंगवून, कॅमेऱ्याला दिसेल तेवढ्या भागात सामान मांडून नांदते केले. सुरा उचलणारा हात निर्माती आणि सहलेखिका डेब्रा हिल यांचा आहे. अशा तपशिलांचे नेहमी कौतुक होते आणि ते योग्यच आहे. लेखासाठी त्याहून महत्त्वाचे हे की यातला एकही उपाय पडद्यावर उपाय म्हणून दिसत नाही.

उणिवा मात्र याच दृश्यात दोन आहेत. पहिली म्हणजे कॅमेऱ्याची उंची. सहा वर्षांच्या मुलाची नजर इतक्या उंचावरून असणार नाही. चित्रपटाने शेवटच्या धक्क्यासाठी प्रेक्षकाला चुकीची उंची दाखवली आहे. दुसरी उणीव वेळेची. तरुण जोडपे वर जाते, दिवा मालवला जातो आणि जेमतेम दीड मिनिटात तो तरुण शर्ट चढवत निघून जातो. एकसंध दृश्याचा करार असा असतो की पडद्यावरचा वेळ आणि खरा वेळ एकच आहे. तो करार चित्रपटाने स्वतः केला आणि स्वतः मोडला. दोन्ही उणिवा पैशाने गेल्या नसत्या. उंचीची फसवणूक मी माफ करायला तयार आहे, कारण तिच्या बदल्यात काही मोठे मिळते. वेळेच्या बाबतीत तसे काही मिळत नाही.

८ मार्च २०२५

स्थळांविषयी थोडक्यात. कथा इलिनॉय राज्यातल्या हॅडनफील्ड नावाच्या काल्पनिक गावात ऑक्टोबरअखेर घडते; चित्रीकरण कॅलिफोर्नियात, मुख्यतः साउथ पॅसडीना आणि हॉलिवूडमध्ये, वसंत ऋतूत झाले. पानगळ दाखवण्यासाठी रंगवलेली पाने रस्त्यावर पसरून, शॉट झाला की गोळा करून पुढच्या शॉटसाठी ठेवली जात. मागची झाडे हिरवीगार आहेत आणि काही चौकटींत ताडही दिसतात. ही शंभर टक्के खर्चाची उणीव आहे आणि तिने चित्रपटाचे काहीही बिघडत नाही. लेखात एका वाक्यापेक्षा अधिक जागा तिला द्यायची नाही.

१३ मार्च २०२५

मुखवटा. कलादिग्दर्शनाची जबाबदारी असलेल्या टॉमी ली वॉलेस यांनी ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कच्या चेहऱ्याचा, दोन डॉलरांहून कमी किमतीचा मुखवटा आणला, त्याच्या भुवया आणि कल्ले काढले, डोळ्यांची भोके मोठी केली आणि तो पांढरा रंगवला. ही गोष्ट इतकी सांगितली जाते की तिच्यातला खरा मुद्दा हरवतो. मुखवटा स्वस्त होता म्हणून परिणामकारक झाला नाही. एका विशिष्ट माणसाच्या चेहऱ्यावरून जे जे विशिष्ट होते ते पुसल्यावर उरलेला चेहरा माणसाचा असूनही कोणाचाच राहिला नाही, आणि त्यावर कोणताही भाव नसल्याने प्रेक्षक स्वतःच्या मनातला भाव त्यावर वाचू लागला. राक्षसी दात आणि जखमा असलेल्या महागड्या मुखवट्याने हे काम केले नसते, कारण तिथे वाचायला काही उरतच नाही.

त्या मुखवट्यामागे बहुतेक दृश्यांत निक कॅसल आहेत. त्यांना दिवसाला पंचवीस डॉलर मिळत. बॉब या तरुणाला भिंतीवर सुऱ्याने टांगल्यानंतर मायकल मान आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला कलती करून त्याच्याकडे पाहत राहतो. संपूर्ण चित्रपटात खुन्याच्या मनाविषयी मिळणारी ही एकमेव माहिती आहे आणि ती एका मानेच्या हालचालीतून मिळते. मायकलवर उपचार करणाऱ्या डॉ. लूमिस यांच्या सगळ्या संवादांपेक्षा ती अधिक सांगते, याची नोंद पुढे लागेल.

प्रकाशयोजनेतला एक शॉट स्वतंत्रपणे लिहायला हवा. चित्रपटाची नायिका लॉरी रडत दाराच्या चौकटीला टेकून उभी आहे, तिच्या मागे काळोख आहे, आणि त्या काळोखातून पांढरा चेहरा हळूहळू उमटतो. कंडी यांनी तिथे एक छोटा दिवा ठेवून त्याचा प्रकाश सावकाश वाढवत नेला. मायकल एक पाऊलही पुढे आलेला नसतो. तो आधीपासून तिथेच होता, आपल्याला दिसत नव्हता, हे लक्षात येते आणि मग त्याच्या आधीच्या प्रत्येक काळोख्या कोपऱ्याविषयी शंका येऊ लागते. पैशाच्या दृष्टीने हा एका दिव्याचा खर्च आहे.

१९ मार्च २०२५

चौकटीचा विचार करताना आज लक्षात आले की या चित्रपटाविषयीची काही जुनी नापसंती कदाचित त्याच्या कापलेल्या प्रतींमुळे असावी. कार्पेंटर यांनी इतक्या लहान खर्चातही रुंद पॅनाव्हिजन चौकटीचा आग्रह धरला, जिची रुंदी उंचीच्या सव्वादोन पटीहून अधिक असते. त्या रुंदीत माणूस एका कडेला उभा करून उरलेली जागा रिकामी ठेवली की प्रेक्षक त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहतो. वर्गाच्या खिडकीबाहेर रस्त्यापलीकडे उभी मोटार, कुंपणाच्या झुडपाशी क्षणभर दिसलेली आकृती, वाळत घातलेल्या चादरींमधून वर खिडकीकडे पाहणारा पांढरा चेहरा ही सगळी दृश्ये कडेला किंवा खोलवर घडतात. जुन्या चौकोनी दूरचित्रवाणी संचासाठी चौकटीच्या बाजू कापल्या की नेमका हाच भाग जातो आणि उरतात त्या रस्त्याने चालत गप्पा मारणाऱ्या मुली. अशा प्रतीवर चित्रपट संथ आणि पोकळ वाटला तर तो दोष प्रतीचा आहे.

पूर्ण चौकटीत मात्र हाच संथपणा चित्रपटाचे सर्वांत मोठे बळ आहे. सुरुवातीचा खून आणि पडद्यावर घडणारा पुढचा खून यांच्यात सुमारे पाऊण तास जातो, आणि त्यातला बराच भाग भर दुपारी, स्वच्छ उजेडात, शांत रस्त्यांवर आहे. रक्त फारच थोडे आहे. प्रेक्षकाला या पाऊण तासात धाक बसतो तो कॅमेऱ्याच्या जागेमुळे : सुरुवातीनंतर कॅमेरा मायकलच्या डोळ्यांत फारसा जात नाही, तो त्याच्या खांद्यामागे उभा राहतो. आपण त्याच्याबरोबर पाहतो, पण त्याच्या आत नसतो. कमी पैशातल्या भयपटाने काय दाखवायचे यापेक्षा कुठून दाखवायचे याचा विचार किती काटेकोरपणे करावा, याचे इतके स्पष्ट उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

२२ मार्च २०२५

संगीत. कार्पेंटर यांनी ते स्वतःच केले आणि त्याची रचना तीन दिवसांत झाली. मुख्य धून पाच मात्रांच्या चक्रात आहे. हा ठेका त्यांना लहानपणी वडिलांनी बोंगोवर शिकवला होता. चार मात्रांची सवय असलेल्या कानाला प्रत्येक आवर्तनात एक मात्रा जास्तीची लागते आणि धून कुठे टेकतच नाही. कार्पेंटर यांनी नंतर सांगितले आहे की संगीताविना कच्चा चित्रपट एका स्टुडिओतील अधिकारी महिलेला दाखवला तेव्हा तिला जराही भीती वाटली नाही. मी आज लॉरी रस्ता ओलांडून समोरच्या घराकडे जाते तो भाग आवाज बंद करून पाहिला आणि त्या अधिकाऱ्यांचे मत समजू शकले : एक मुलगी रस्ता ओलांडते, एवढेच तिथे आहे.

उणीव अशी की अचानक वाजणाऱ्या कर्कश स्वरांचा वापर प्रमाणाबाहेर गेला आहे. लॉरी मागे वळते आणि गावच्या शेरीफला धडकते, तिथेही तोच स्वर दचकवतो. एकदा खोटा इशारा दिला की पुढच्या खऱ्या इशाऱ्याची किंमत घटते. हाही दोष पैशाचा नाही. तो विश्वासाचा आहे, कारण दृश्य स्वतःच्या बळावर उभे असताना त्याला स्वराचा टेकू दिला आहे.

२९ मार्च २०२५

आजचा दिवस डॉ. लूमिस यांच्यासाठी होता आणि हाच भाग लिहायला सर्वांत अवघड जाणार आहे, कारण इथे खर्च आणि लेखन यांची गुंतागुंत आहे.

या भूमिकेसाठी आधी पीटर कुशिंग आणि ख्रिस्तोफर ली यांना विचारले गेले होते. शेवटी डोनाल्ड प्लेझन्स आले आणि त्यांना पाच दिवसांच्या कामाचे वीस हजार डॉलर देण्यात आले. नाव असलेला एक नट पाच दिवसांपुरता घ्यायचा आणि बाकी नवोदितांवर भागवायचे, हा हिशेब अगदी शहाणपणाचा आहे. पण मग पटकथेत डॉक्टरांना करायला काय उरते ते पाहावे. खुनी गावात आहे हे माहीत असलेला एकमेव माणूस रात्रीचा मोठा भाग मायर्सच्या पडक्या घराशेजारच्या झुडपात वाट पाहत उभा राहतो, आणि तेवढ्या वेळात त्याच गावात, चालत जाता येईल अशा अंतरावर, तिघांचे खून होतात. मायकलने पळवून नेलेली मोटार त्याला फार उशिरा दिसते. नटाचे दिवस कमी म्हणून पात्र एका जागी खिळवले गेले असावे, असा माझा तर्क आहे. त्यावर लेखनाचा उपाय होता. डॉक्टरांची चूक ही त्यांच्या स्वभावातून आलेली दाखवता आली असती : मायकल आपल्या बालपणीच्या घरीच परतणार, या स्वतःच्या सिद्धान्तावर त्यांचा इतका विश्वास की त्यापायी ते रस्त्याकडे पाहतच नाहीत. चित्रपटात हे बीज आहे, पण ते कोणी बोलून दाखवत नाही आणि डॉक्टरांना त्याची किंमत मोजावी लागत नाही.

मायकल मोटार कशी चालवतो, हा प्रश्नही याच खात्यातला. सहाव्या वर्षापासून बंदिस्त असलेल्या माणसाला मोटार चालवता येऊ नये, हे पटकथेला माहीत आहे. एक पात्र तो प्रश्न विचारतेसुद्धा आणि डॉक्टर त्यावर एक चिडका टोला मारून पुढे जातात. प्रश्न स्वतःच मांडून उत्तर टाळण्यापेक्षा तो न मांडणे बरे होते.

डॉक्टरांची भाषणे कागदावर अवजड आहेत. मायकल म्हणजे निखळ दुष्टता, हे ते वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा सांगतात. प्लेझन्स यांनी ती खालच्या आवाजात, स्वतःच घाबरल्यासारखी म्हटली म्हणून ती निभावतात, आणि माझ्या मते इथे नटावर केलेला खर्च वसूल होतो. तरीही १३ मार्चच्या नोंदीतली ती कललेली मान आठवावी. तिच्यानंतर डॉक्टरांचे कोणतेही वाक्य नव्याने काही सांगत नाही.

५ एप्रिल २०२५

मुलींची पात्रे. अ‍ॅनी आणि लिंडा या लॉरीच्या मैत्रिणींचे संवाद बहुतांशी डेब्रा हिल यांनी लिहिले आहेत आणि ते ऐकताना जाणवते : मुली एकमेकींचे बोलणे मध्येच तोडतात, चिडवतात, लॉरीच्या लाजण्यावर प्रेमाने हसतात. या प्रकारच्या पुढच्या अनेक चित्रपटांत मरणारी मुले केवळ मरण्यासाठी जमवलेली वाटतात. इथे अ‍ॅनी गेल्यावर खरोखर चुकचुकायला होते. मात्र या दोघींना प्रियकराच्या भेटीपलीकडे कोणतीच इच्छा दिलेली नाही, ही उणीव नाकारता येत नाही.

त्यातूनच जुना आक्षेप येतो की ज्या मुली शरीरसुखाच्या मागे आहेत त्या मरतात आणि सोवळी मुलगी वाचते. असा हेतू नव्हता, असे कार्पेंटर यांनी सांगितले आहे. हेतू काहीही असो, पडद्यावर तो अर्थ उमटतो आणि नंतरच्या अनुकरणांनी त्याचा नियम करून टाकला. अशा चित्रपटांत शेवटपर्यंत टिकून खुन्याशी झुंजणाऱ्या मुलीचे विश्लेषण अभ्यासक कॅरल क्लोव्हर यांनी १९८७ च्या निबंधात केले. प्रेक्षक सुरुवातीला खुन्याच्या नजरेने पाहतो आणि शेवटी त्या मुलीच्या बाजूने उभा राहतो, ही त्यांची मांडणी या चित्रपटाला चपखल लागू पडते. माझे निरीक्षण थोडे वेगळे आहे. लॉरी सोवळी असल्यामुळे वाचत नाही. ती पाहते म्हणून वाचते. खिडकीबाहेरची मोटार तिला दिसते, झुडपापाशी उभा माणूस तिला दिसतो, फोनवरचा विचित्र आवाज तिला खटकतो. रुंद चौकटीच्या कडेला काय आहे हे बघणारी ती एकटीच आहे, म्हणजे प्रेक्षकासारखी.

जेमी ली कर्टिस यांची ही पहिलीच चित्रपट भूमिका. चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नसल्याने प्रत्येक दृश्यात लॉरी किती घाबरलेली असावी याचे एक मोजमाप कार्पेंटर यांनी त्यांना ठरवून दिले होते, आणि तिची भीती टप्प्याटप्प्याने चढत जाते ती त्यामुळे. असे नियोजन करायला काहीच खर्च येत नाही.

१२ एप्रिल २०२५

शेवटचा भाग. लॉरी लंगडत शेजारच्या दारावर जाऊन मदतीसाठी ओरडते. आत दिवा लागतो, कोणीतरी खिडकीच्या पट्ट्यांतून पाहते आणि दिवा पुन्हा मालवला जातो. संपूर्ण चित्रपटातली सर्वांत भयंकर जागा माझ्या लेखी ही आहे. तिथे खुनी चौकटीत नाही, रक्त नाही, केवळ एक दिवा लागतो आणि विझतो. पण या नीटनेटक्या वस्तीत कोणीही कोणाचे नाही, हे त्यातून कायमचे ठरते. लेखात या दृश्याला पूर्ण परिच्छेद द्यायचा.

त्यानंतर लगेच चित्रपटाची सर्वांत मोठी चूक येते. लॉरी विणकामाच्या सुईने मायकलला पाडते आणि हाती आलेला सुरा टाकून देते. पुढे कपाटात तारेच्या हँगरने त्याचा डोळा फोडते, त्याचाच सुरा त्याला भोसकते आणि तो पुन्हा त्याच्या शेजारी टाकून बाहेर येऊन बसते. पहिल्या वेळी धक्का, किळस, सुटकेची भावना हे सगळे मान्य करता येते. दुसऱ्या वेळी ती कृती लॉरीची राहत नाही, पटकथेची होते. आताच ज्या मुलीला पाहणारी, विचार करणारी म्हणून उभे केले तिला दहा मिनिटांसाठी आंधळे केले आहे. कपाटाच्या दृश्याची रचना इतकी उत्तम आहे, झडपांच्या दारातून येणारा प्रकाश, डोक्यावर झुलणारा एकटा दिवा, सुटायला जागा नाही, की ही चूक अधिकच सलते. दुप्पट पैशांनी ती गेली नसती. पटकथेच्या आणखी एका वाचनाने गेली असती.

१९ एप्रिल २०२५

तुलनेसाठी ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ (१९८०) पाहिला. त्याचा खर्च सुमारे साडेपाच लाख डॉलर, आणि त्यातला दिसणारा भाग टॉम सॅव्हिनी यांच्या जखमांच्या करामतीत आहे, ज्या आजही पाहण्यासारख्या आहेत. इथेही कॅमेरा खुन्याचे डोळे होतो, पण केवळ खुनी कोण हे लपवण्यासाठी. शेवटी जी व्यक्ती समोर येते ती आधी कथेत आलेलीच नसते, त्यामुळे प्रेक्षकाला ओळखण्याची संधीच नव्हती. तोच शॉट एका चित्रपटात बळ आहे आणि दुसऱ्यात पळवाट. पैसे इथे अधिक होते.

२६ एप्रिल २०२५

दूरचित्रवाणीवर १९८१ मध्ये दाखवलेल्या आवृत्तीचा प्रश्न आज निकालात काढला. लांबी वाढवण्यासाठी त्या आवृत्तीत काही नवी दृश्ये घातली गेली, जी दुसऱ्या भागाच्या चित्रीकरणाच्या वेळी घेतलेली होती. त्यांपैकी एकात मायकलच्या खोलीच्या दारावर ‘बहीण’ या अर्थाचा शब्द कोरलेला दिसतो. दुसऱ्या भागाने (१९८१) लॉरी ही मायकलची बहीण असल्याचे ठरवून टाकले. मूळ चित्रपटात तो लॉरीच्या मागे का लागतो याचे एकमेव दिसणारे कारण म्हणजे ती सकाळी त्या पडक्या घराच्या पायरीशी किल्ली ठेवायला आली, एवढेच. कोणीही त्या पायरीशी गेले असते तर त्याच्यावर ही रात्र आली असती. नाते जोडल्यावर भीती एका कुटुंबापुरती होते आणि बाकी सगळ्यांची सुटका होते. त्यामुळे ही वाढीव दृश्ये लेखात मूळ चित्रपटाच्या जमेला धरायची नाहीत आणि त्यांचा दोषही त्याच्या माथी मारायचा नाही. त्यांचा उल्लेख किल्लीच्या दृश्याच्या चर्चेत, तुलनेपुरता येईल. कच्चा मसुदा लिहायला घेताना सुरुवात चौकटीच्या भागापासून करायची आणि डॉ. लूमिस यांचा भाग त्याच्या लगेच पुढे ठेवायचा, म्हणजे पाहून कळणारी गोष्ट आणि बोलून सांगितलेली गोष्ट वाचकासमोर लागोपाठ येतील.